नान्नजचा माळ, कंबर तलाव की विज्ञान केंद्र? आठवीची सहल ठरवताना

दिवाळीनंतरची सहल ठरवायला मैत्रिणीचा फोन आला. ती सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते. आठवीची ५२ मुलं, एक बस, एक दिवस, आणि मुख्याध्यापकांची अट अशी की सहल 'पर्यावरणाची' हवी. "नान्नज, कंबर तलाव नाहीतर केगावचं विज्ञान केंद्र. तू तिन्हीकडे मुलं घेऊन गेलायस, सांग बघू." अर्धा तास बोलूनही सगळं सांगून झालं नाही. उरलेलं इथे लिहितोय. असाच पेच आणखी कुणापुढे असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

विज्ञान केंद्राचं आधी उरकतो. पुणे रस्त्याला आहे, बस दारापर्यंत जाते, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची चिंता नाही. उपकरणं हाताळता येतात, बाहेर मोकळ्यावर खेळत शिकायची सोय आहे. ५२ मुलं सहज मावतात. सप्टेंबरात जायचं असेल (सोलापुरात खरा पाऊस तेव्हाच पडतो) तर दुसरीकडे बघूही नका. पण तिथे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेजारच्या पाटीवर आधीच लिहिलेलं असतं. तरफ, लंबक, आरसे समजायला ते उत्तम. तळ्याची किंवा माळाची काळजी मात्र त्यातून लागत नाही, आणि मुख्याध्यापकांना हवंय ते हेच.

खरी निवड माळ आणि तलाव यांच्यात आहे.

नान्नज बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटर. माळढोक अभयारण्य १९७९चं. नाव ऐकून मुलं माळढोक बघायलाच निघतात, म्हणून आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा की तो दिसणार नाही असं धरून चला. देशभरात मिळून हे पक्षी दोनशेच्या आत उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. काळवीट मात्र दिसतात, नशीब असेल तर लांडगाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही होत्या-नव्हत्या तेवढ्या चुका केल्या. दोन बस, नाश्त्यामुळे उशीर, पोचेपर्यंत नऊ वाजून गेलेले. शाळेने हौसेने सगळ्यांना लालभडक टोप्या वाटलेल्या. काळवीट लांबूनच पसार झाले. पिवळ्या गवताकडे बघून एक पोरगा म्हणाला, "सर, हितं तर काहीच न्हाई की ओ!" त्याचं चुकलं नव्हतं. आम्ही दाखवलंच नव्हतं काही.

पुढच्या खेपेला सोळाच मुलं नेली, मळकट कपड्यांत, आणि साडेसहाला पोचलो. सुतळीचा एक मीटर लांब-रुंद चौकोन जमिनीवर टाकला आणि चौघांच्या गटाला सांगितलं की अर्धा तास याच्या बाहेर बघायचं नाही. आतलं गवत किती प्रकारचं, मुंग्यांची बिळं किती, लेंडी कुणाची, मोकळी माती किती, हे वहीत उतरवायचं. मग मोज्यांत अडकलेली कुसळं काढायला लावली. सोलापूरकराला कुसळ म्हणजे निव्वळ वैताग. पण कुसळी गवताचं एक पिकलेलं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. सुकताना पीळ बसलेली ती काडी ओली झाली की उलगडायला लागते आणि हातावर गरगर फिरते. रात्री दव, दिवसा ऊन, असं ओलं-सुकं होत ते बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. सोळाच्या सोळा डोकी त्या तळहातावर वाकलेली होती. काळवीट दिसले तेव्हाही एवढी शांतता नव्हती.

माळ आणखी एक गोष्ट शिकवतो, ती बाकी दोन्हीकडे मिळणार नाही. 'झाडे लावा' हे मुलांना पहिलीपासून पाठ. इथे ते वाक्य अडखळतं. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर मोकळं दिसायला हवं. समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. अशा माळाला पडीक समजून तिथे ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या रांगा लावल्या तर हिरवळ वाढते आणि माळ जातो. हे ऐकून एका मुलीने विचारलं, "मग आपण वृक्षदिंडी कशाला काढतो?" मी म्हटलं, दिंडी काढायचीच, फक्त ती माळावर न्यायची नाही.

दुसरी बाजूही लपवू नका. अभयारण्य सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटरचं जाहीर झालं होतं. त्यात शेतं, गावं सगळं आलं, जमिनीचे व्यवहार अडकले, लोक वैतागले. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. वर्गातल्या एखाद्याच्या आजोबांची जमीन त्यात असतेच. त्याला बोलू द्या. पक्षी वाचवायचा तर त्याची किंमत कुणी मोजायची, हा वाद आठवीच्या मुलांना चांगला समजतो.

नान्नजच्या अडचणी अशा: वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते, सावली नाही, फुरसं-घोणशीचा मुलूख म्हणून बूट सक्तीचे, आणि २० मुलांच्या वर नेली तर गेलेलं न गेलेलं सारखंच. फेब्रुवारी संपला की उन्हामुळे विषय संपला.

आता कंबर तलाव, म्हणजे कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव. विजापूर रस्त्यावर, शहराच्या आतच. काही मुलं सायकलवर येतील, बाकीची रिक्षाने. दिसायला नान्नजपुढे साधा. पण थंडीत एका तासात दहा-बारा प्रकारचे पक्षी कुणालाही मोजता येतात: हळदीकुंकू बदक, टिबुकली, पाणकावळा, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी. आणि वारकरी. काळा पक्षी, कपाळावर गोपीचंदन लावल्यासारखा पांढरा टिळा. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मुलांना हे नाव दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तो काठावर चढला की पाय बघायला सांगा. बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला सुट्या पाकळ्यांसारखी झालर असते.

इथे मोजमापही खरं होतं. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर काळ्या-पांढऱ्या चार फोडी रंगवायच्या, मधे भोक पाडून खाली वजन आणि वर सुतळी बांधायची, सुतळीला दर १० सेंटीमीटरवर गाठ. पाण्यात सोडताना झाकण दिसेनासं होतं ती गाठ आणि वर ओढताना पुन्हा दिसतं ती गाठ, दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. पक्क्या काठावरून, मोठ्या माणसाच्या हातानेच सोडा. मुलांनी गाठी मोजायच्या. दर महिन्याला एक आकडा मिळतो आणि मार्चपर्यंत वर्गाचा स्वतःचा आलेख तयार होतो.

जलपर्णीचा धडाही इथलाच. एका रविवारी मुलं काठावरची जलपर्णी ओढून काढतात, फोटो निघतात, महिन्याभरात ती पुन्हा हजर. खतावलेल्या पाण्यात तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हे तिचं खाणं. म्हणून आम्ही मुलांना एक गृहपाठ दिला: आपल्या गल्लीतलं गटार कुठे जातं ते शोधून नकाशा काढा. निम्म्यांना तो पुरा करता आला नाही. दोघी नगरसेवकांकडे विचारायला गेल्या. त्या वर्षी मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो या दोघींमुळे.

तलावाची उणीव अशी की त्यात अप्रूप नाही. "कंबर तलाव? तिथं तर रोजच जातो," असं मुलं तोंड वाकडं करून म्हणतात. माझ्या मते हीच त्याची जमेची बाजू. रोज जाता येतं तिथली बिघडलेली गोष्ट रोज दिसते. नान्नजला मूल एकदा जाऊन येतं आणि त्याची नुसती आठवण उरते.

उजनी धरणावरचे रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) मैत्रिणीने विचारले. बघण्यासारखे आहेतच, पण त्यासाठी धरणाकाठच्या भिगवणला जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर होतात. दिवस बसमध्येच जाईल. ती सहल घरच्यांबरोबर होऊ द्या.

मग माझा कौल? ५२ मुलं आणि एकच दिवस असेल तर कंबर तलाव, दोन तुकड्या करून, सकाळी सात ते दहा. एका दिवसाऐवजी चार शनिवार मिळत असतील तर डोळे झाकून तलाव. बसचे पैसे वाचतील त्यातून दोन दुर्बिणी घ्या. आणि ज्या पंधरा-वीस मुलांनी चारही शनिवार वही भरली, त्यांना जानेवारीत नान्नजला न्या. तोवर त्यांना बघायची सवय लागलेली असते. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह साधायचा मोह होईल. तो पक्षी-अभ्यासक लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो, आणि ते जन्मले सोलापुरातच. पण बऱ्याचदा तेव्हा दिवाळीची सुट्टी असते, तारखा आधी बघा.

काल तिचा निरोप आला. मुख्याध्यापकांनी दोन शनिवार दिलेत, चार नाही. सुतळीला गाठी मारायचं काम आठवी 'ब'कडे गेलंय आणि झाकण कुणाच्या घरून पळवायचं यावर वर्गात भांडण चालू आहे.