क्लॅरिस सांगून टूर्नी गळ्यात मारली (सोलापूर, नवीन रोड बाईक)

दुकानाचं नाव इथं टाकत नाही, कारण मामला अजून पुरता मिटलेला नाही, आणि सायकलच्या कंपनीचंही टाकत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही, उलट त्यांच्यामुळंच सगळं उघडं पडलं. पण सोलापुरात चाळीस-पन्नास हजारात नवीन रोड बाईक घ्यायला निघाला असाल तर पैसे सोडायच्या आधी हे वाचाच.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. रोड बाईकची किंमत बऱ्यापैकी तिच्या गिअरसेटवर, म्हणजे गिअर बदलायच्या सगळ्या सामानावर, ठरते. शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीचे खालून वर दर्जे असे, टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, मग १०५, आणि त्याच्यावर अल्टेग्रा, ड्युरा-एस, जे आपण फक्त व्हिडिओत बघायचे. टूर्नीला मागच्या चाकावर ७ चकत्या, क्लॅरिसला ८, सोराला ९, टियाग्राला १०. पुढं दोन धरल्या तर टूर्नी म्हणजे १४ गिअर आणि क्लॅरिस म्हणजे १६. ऐकायला दोनच गिअरचा फरक वाटतो पण किमतीत दहा-पंधरा हजारांचा होतो, कारण क्लॅरिसवाल्या मॉडेलला बहुतेक वेळा फोर्कही (पुढचं चाक धरणारा चिमटा) कार्बनचा येतो आणि खालच्याला स्टीलचा. एकाच कंपनीची ही दोन मॉडेलं म्हणजे सख्खे भाऊच, फ्रेम तीच, रंग तोच, लांबून बघितलं तर आईलासुद्धा ओळखू येणार नाहीत. माझ्याबरोबर जे झालं ते इथंच झालं.

दिवाळीच्या तोंडावर घ्यायची ठरवली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळं भाव जरा खाली आलेले. दुकानात क्लॅरिसवालं मॉडेल उभं होतं, खरं क्लॅरिस, मी स्वतः हात लावून बघितलं, पण ते ५६ साईजचं. माझी उंची साडेपाच फुटाच्या आसपास, मला ५२ पाहिजे. तर पहिलं वाक्य काय, "सर सीट खाली करून देतो की, सगळे हेच नेतात." हे मात्र मला माहीत होतं की सीट खालीवर होते, पण सीट ते हँडल हे अंतर फ्रेमचं असतं, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून थोडंफार कमी होतं, बस्स. मोठी फ्रेम घेतली की माणूस हँडलवर लोंबकळतो आणि महिन्याभरात मान आणि कंबर दोन्ही जातात. मी नाही म्हणलं. मग म्हणाला ५२ पुण्यातनं मागवतो, सेम पीस, ४८,५००, हेल्मेट आणि बाटली माझ्याकडनं. व्हॉट्सॲपवर कंपनीच्या पत्रकाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हीच येणार, क्लॅरिस १६ गिअर, कार्बन फोर्क." हा मेसेज लक्षात ठेवा, पुढं हाच कामाला आला.

सायकल आली लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी, टेम्पोतनं घरी. घरात पाहुणे, दारात रांगोळी, पोरांचे फटाके, त्यातच टेम्पोवाल्याला घाई. नव्या वस्तूला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, सगळे खूश. मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या पार्टवर, ठळक क्लॅरिस लिहिलेलं. फोर्कवर दोन्ही बाजूला कार्बन. अजून काय बघायचं माणसानं?

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. ब्रेकच्या लिव्हरच्या आतल्या बाजूला, अंगठ्याजवळ, एक छोटं काळं बटण होतं. दुकानातल्या सायकलला ते नव्हतं. दुकानदाराला फोन लावला तर साहेब म्हणतात, "अहो ते नवीन व्हर्जन आहे सर, यावर्षीपासून बटण दिलंय, अंगठ्यानं गिअर पडतो, उलट सोपं." इतक्या सहज, इतक्या गोड आवाजात सांगितलं की पुढं विचारायला तोंडच राहिलं नाही. तर ऐका, हे अंगठ्याचं बटण टूर्नीच्या लिव्हरला असतं. आत्ताच्या क्लॅरिसला ब्रेकची मोठी लिव्हरच आत ढकलायची आणि तिच्या मागं एक लहान लिव्हर, दोन्ही बोटांनी चालतात, बटण कुठंही नाही. दुकानात दहा सेकंदात कळणारी ही गोष्ट आहे, कुणी काही म्हणो.

उघडकीला आलं ते तुळजापूरच्या घाटात. आमचा सकाळचा ग्रुप आहे, एरवी होटगी रोड किंवा हिप्परग्यापर्यंत जाऊन परत, त्या रविवारी तुळजापूर ठरलं, जायचे पंचेचाळीसेक किलोमीटर. सपाटीला काही वाटलं नाही, उतारावर मात्र पाय रिकामे फिरायला लागले, सगळ्यात जड गिअर टाकूनसुद्धा. आणि घाट लागला तसं पाय भरले. शेजारनं आमचा एक मित्र, रेल्वेत आहे, आरामात गप्पा मारत चढालेला.

"३२ वर टाक की बे, कशाला जोर लावालास."

"टाकलंय, संपले गिअर."

"काय सांगालास बे, क्लॅरिस ना तुझी?"

थांबवलं, सायकल कडेला घेतली, वाकून मोजायला लागला. एकदा मोजलं, परत मोजलं. "सातच हायत की." मग सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजले, २८. सगळ्यात लहान १४. पत्रकात होतं ११ ते ३२. म्हणजे चढावर हलका गिअर नाही आणि उतारावर जड गिअर नाही, दोन्हीकडनं कापलेलं. तोपर्यंत बाकीचे वर पोचून चहा पिऊन झाले होते, आम्ही अजून दातच मोजतोय.

आणि मागचा डिरेलर मात्र खरोखर क्लॅरिसचा! यात दुकानदाराची हुशारी बघा. शिमानोच्या रोडच्या ७, ८, ९ स्पीडच्या लिव्हर आणि मागचे डिरेलर एकमेकांना चालतात, त्यामुळं टूर्नीच्या लिव्हरवर क्लॅरिसचा डिरेलर बसवला तरी गिअर मस्त पडतात, खडखड नाही, अडकत नाही, शंका यायला जागाच नाही. गिअरच्या सगळ्या सामानात लोकांची नजर पहिली जाते ती मागच्या डिरेलरवर, आणि बदलायला तसा स्वस्तही. म्हणजे एक पार्ट बदलला, एक स्टिकर चिकटवला, आणि खालच्या मॉडेलचे पंधरा हजार वाढवून घेतले.

फोर्कचं घरी आल्यावर कळलं. आमच्या मेकॅनिक अण्णांना फोन केला, ते म्हणाले मॅग्नेट लावून बघा, कार्बनला चिकटत नाही, अल्युमिनियमलाही नाही, चिकटलं तर स्टील. घरात दुसरं मॅग्नेट कुठलं असणार, फ्रिजवर अक्कलकोटहून आणलेलं स्वामींचं होतं, ते काढलं आणि फोर्कला लावलं. टप्पकन बसलं. बरोबर कार्बन लिहिलेल्या स्टिकरच्या वर. आतनं बायको ओरडतेय अहो फ्रिजवरचे स्वामी कुठं नेले, आणि मी खाली बसून ते काढतोय, लावतोय, काढतोय, लावतोय. मग नखानं स्टिकरचा कोपरा खरवडला तर तो सुटून आला. कंपनीचा असता तर लॅकरच्या खाली असता, असा सालासारखा निघाला नसता. बॅग मोजायचा काटा लावला, पेडल धरून १२ किलोच्या वर, पत्रकात साडेदहाच्या आत.

एवढ्यावर दुकानदाराशी भांडता आलं असतं पण तो "कंपनीनंच असं पाठवलं" म्हणाला असता, म्हणून आधी सायकल उलटी केली. पेडलच्या एक्सलखाली, फ्रेमच्या पोटाला, सीरियल नंबर ठोकलेला असतो. चिखल पुसून फोटो काढला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकला की हा नंबर कुठल्या मॉडेलचा. उत्तर आलं, खालचं मॉडेल, टूर्नी, स्टील फोर्क, आणि तेही आदल्या वर्षीचा माल. इथं मला जरा अंदाज आला की हे का झालं असेल. २०२५ मध्ये शिमानोनं ड्रॉप हँडलच्या (खाली वळलेल्या हँडलच्या, म्हणजे रोड बाईकसारख्या) सायकलींसाठीही क्यूज नावाचा नवीन सेट काढला, क्लॅरिस-सोरा-टियाग्राच्या जागी तो येणार, म्हणजे जुन्यातला जुना टूर्नीवाला माल ज्याच्याकडं पडून असेल त्याला तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचाच होता. हा माझा अंदाज, त्यानं कबूल केलेलं नाही.

दुकानात गेलो तर आधी ओळखच दाखवेना. मग म्हणतो, "सर फ्रेम तीच, कंपनी तीच, एक गिअर कमी पडला म्हणून सायकल पळत नाही का?" मग आवाज चढला, "मी कुठं क्लॅरिस म्हणलो, बिलात दाखवा." बिलात काय होतं? "रोड सायकल, १ नग, ४८,५००." दुकानाचा शिक्का, सही, आणि जीएसटी नंबर नाही. मी पक्कं बिल मागितलं होतं तेव्हा "देतो की सर, दिवाळीची गर्दी आहे, नंतर या" झालं होतं, आणि ते नंतर कधी आलंच नाही. म्हणून सांगतो, बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव, वर्ष, साईज, गिअरसेट, फोर्क कशाचा आणि सीरियल नंबर, एवढं सगळं लिहून घेतल्याशिवाय यूपीआयचा पिन टाकू नका. कुरकुर करेल, करू दे. शिमानोच्या प्रत्येक पार्टच्या मागं-आत बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो, आरडी-आर२००० क्लॅरिसचा डिरेलर, एसटी-आर२००० क्लॅरिसची लिव्हर, ए०७० दिसलं की टूर्नी. डिरेलर एकटा बघून उपयोग नाही, लिव्हर, क्रँक (पेडलचा दांडा), मागची चकत्यांची थाळी, सगळं बघा. थाळीचंही सांगतो, टूर्नीवाल्याला ती फ्रीव्हील प्रकारची, आट्यांवर फिरवून बसवलेली असते, त्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॅसेट, म्हणजे सरकवून बसवायची थाळी, बसत नाही, म्हणजे उद्या सोरा टाकायचं म्हणलं तर मागचं चाकच नवीन घ्यावं लागतं. अण्णांनी खर्च सांगितला तेव्हा मी हिशोब करायचंच सोडून दिलं.

बिलानं घात केला पण व्हॉट्सॲपनं वाचवलं. त्याचा तो "क्लॅरिस १६ गिअर, कार्बन फोर्क" मेसेज, पैसे गेल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट, कंपनीचा मेल, फोर्कला मॅग्नेट चिकटल्याचा व्हिडिओ, असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर, तिथं तक्रार नोंदवली. हेल्पलाईन दुकानदाराला कळवते, तडजोड बघते, दंड वगैरे तिच्या हातात नाही, ते काम जिल्हा ग्राहक आयोगाचं. आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाईन करता येतो आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. हे सगळं मला आमच्या ऑफिसमधल्या एका मॅडमनी सांगितलं, त्यांनी स्वतः वॉशिंग मशिनच्या बाबतीत हे सगळं केलेलं होतं.

स्पीड पोस्टानं माझी नोटीस गेली आणि साहेबांचा आवाज परत गोड झाला. पहिली ऑफर, सायकल परत आणा, तीस हजार देतो, "वापरलेली आहे ना सर". नाही म्हणलं. दुसरी ऑफर, कार्बन फोर्क टाकून देतो. कुठला कार्बन, कुणाचा कार्बन, पुढचा फोर्क म्हणजे घाट उतरताना सगळा जीव त्याच्यावर असतो, तिथं याच्या हातचं बिननावाचं काही मी बसवून घेणार नाही. आता तिसरी ऑफर आलीय, फरकाचे पंधरा हजार देतो पण तुम्ही "गैरसमज झाला होता" असं लिहून द्या. पैसे घ्यायला माझी ना नाही, तसलं लिहून मात्र देणार नाही, हे त्याला मेसेजवरच कळवलंय, म्हणजे तेही फोल्डरमध्ये गेलं. या महिनाअखेरपर्यंत वाट बघणार, नाहीतर आयोगात अर्ज टाकणार, अर्ज भरून तयार आहे.

आणि हो, विजापूर रोडच्या एका ओळखीच्यानं त्याच दुकानात ५४ साईजसाठी पाच हजार ॲडव्हान्स दिलाय असं कळलं. त्याला फोन करून सांगितलंय की सायकल घरी मागवू नको, दुकानात जाऊन ताब्यात घे, आणि पहिल्यांदा लिव्हरच्या आत अंगठा घालून बघ.