ट्यूब ठेवावी की ट्यूबलेस करावं? आधी पंक्चर नीट बघा

दिवाळी उरकली की पुण्याच्या टेकड्यांवरचं गवत वाळतं आणि पायवाटेच्या कडेला सराटे पिकतात. जमिनीलगत पसरणारं, पिवळ्या फुलांचं ते गोखरू. त्याच्या फळाचे तुकडे हरभऱ्याएवढे आणि दगडासारखे टणक असतात, आणि कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच. याच दिवसांत नव्यानं माउंटन बाईक घेतलेली मंडळी हमखास विचारतात, "ट्यूबलेस करून टाकू का?" म्हणजे आतली ट्यूब काढून हवा थेट टायरमध्येच भरू का.

मी सहा वर्षं एकाच सायकलवर आहे. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, येऊन-जाऊन अठरा किलोमीटर डांबर. रविवारी वेताळ टेकडी, कधी त्याहून लांब. पहिली तीन वर्षं दोन्ही चाकांत ट्यूब होती, मग मागचं चाक ट्यूबलेस केलं. दुरुस्ती दोन्हीची घरीच करते. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, कारण ते तुमच्या ट्यूबला पडलेल्या भोकांत दडलेलं असतं.

भोक काय सांगतं

पुढचं पंक्चर झालं की ट्यूब लगेच फेकू नका, आणि पंक्चरवाल्याकडे दिली तर शेजारी उभं राहून बघा. घमेल्यात पाणी घेऊन हवा भरलेली ट्यूब बुडवली की बुडबुडे कुठून येतात ते कळतं. बाहेरच्या, म्हणजे टायरकडच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं एकच भोक असेल तर काटा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील, साप चावल्यासारख्या, तर ट्यूब दगड आणि रिम यांच्या मध्ये चेचली गेली. हवा कमी होती किंवा दगडावर जोरात आदळलात. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलं आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेवर चालवून टायर रिमवर सरकलं आणि व्हॉल्व्ह तिरका ओढला गेला.

यातल्या शेवटच्या दोन दुखण्यांवर ट्यूबलेस हा इलाज नव्हे. दहा रुपयांच्या कापडी पट्टीनं किंवा वेळच्या वेळी हवा भरून जे सुटतं, त्यासाठी हजारो रुपये घालू नका. काट्याचं भोक आणि सापचाव्याच्या दोन चिरा, हे दोनच प्रकार ट्यूबलेस खरोखर कमी करतं. तुमची निम्म्याहून जास्त पंक्चरं या दोन प्रकारची असतील तर पुढे वाचा. वर्षाला एक-दोनच पंक्चरं होत असतील, तर ट्यूब ठेवा आणि त्या पैशांत चांगला उभा पंप घ्या.

स्कूटरचं ट्यूबलेस वेगळं, सायकलचं वेगळं

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. स्कूटरच्या ट्यूबलेस टायरचं रबर जाड आणि स्वतःच हवाबंद असतं. खिळा घुसला तरी तो तिथंच अडकून राहतो आणि हवा सावकाश उतरते. सायकलचं टायर पातळ असतं. १९९९ साली माविक, हचिन्सन आणि मिशेलिन या कंपन्यांनी मिळून माउंटन बाईकसाठी यूएसटी नावाची ट्यूबलेस पद्धत आणली. तिच्यातलं टायर सीलंटशिवायही, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाशिवायही, हवा धरायचं, पण त्यासाठी ते जड करावं लागलं. आज प्रचलित आहे ती दुसरी वाट: टायर हलकं ठेवायचं आणि आत पातळ सीलंट ओतायचं. बहुतेक सीलंट रबराच्या चिकापासून बनतं. चाक फिरताना ते आतून सगळीकडे माखलं जातं. काटा लागला की हवा त्या भोकातून सीलंट बाहेर रेटते, ते तिथंच घट्ट होतं आणि भोक बुजतं. बऱ्याचदा स्वाराला पत्ताही लागत नाही.

म्हणजे सायकलचं ट्यूबलेस हे सीलंटच्या जिवावर चालतं, आणि सीलंट सुकतं. बाटलीवर काही महिने लिहिलेलं असतं. आमच्याकडे मार्च ते मे या काळात, दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या सायकलीत ते दोन महिन्यांत आटलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा ट्यूबलेसचा निर्णय म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी एक काम अंगावर घेण्याचा निर्णय. सायकल आठवड्यातून तीन-चारदा बाहेर पडत असेल तर ते काम जड जात नाही. ती महिनोन्महिने बाल्कनीत उभी राहत असेल तर ट्यूबच बरी. आत सुकून गोळा झालेलं रबर खरवडत बसण्यापेक्षा हवा भरून निघणं केव्हाही सोपं.

तुमच्या सायकलला जमेल का?

पैसे मोजण्याआधी रिम आणि टायर दोन्हीवर काय छापलंय ते वाचा. 'ट्यूबलेस रेडी' किंवा 'टीएलआर' अशी अक्षरं दोन्हीकडे हवीत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या किमतीच्या बहुतेक माउंटन बाईकवर तारेच्या कडेचं साधं टायर आणि साधं रिम येतं. अशा जोडीवर चिकटपट्टी आणि सीलंट घालून ट्यूबलेस करून देणारे भेटतात. काही दिवस हवा टिकतेही. पण टायरची कड रिममध्ये घट्ट बसलेली नसते, आणि उतारावर वळताना ती सुटली तर पुढचं चाक एका क्षणात रिकामं होतं. हा प्रयोग करू नका, एवढंच मी ठामपणे सांगेन.

दोन्ही रेडी असतील तर रिमवर आतून चिकटवायच्या हवाबंद पट्टीची रुंदी बघा: रिमच्या आतल्या मापापेक्षा दोन-चार मिलिमीटर जास्त. व्हॉल्व्हचं भोकही बघा. स्कूटरसारखा जाड व्हॉल्व्ह असलेल्या रिमचं भोक साडेआठ मिलिमीटरचं असतं, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं साडेसहाचं. ट्यूबलेस व्हॉल्व्ह दोन्ही मापांत मिळतात, फक्त दुकानात माप सांगावं लागतं. पट्टी, व्हॉल्व्ह, सीलंट असा दोन चाकांचा सुरुवातीचा खर्च किमान पाच-सहा चांगल्या ट्यूबांएवढा होतो. टायरही बदलावं लागलं तर खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो.

ट्यूबचं पंक्चर घरी

हे काम एकदा हातात बसलं की वीस मिनिटांचं आहे. टायर चढवताना त्याच्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवायची सवय लावून घ्या. मग ट्यूबमधलं भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा शोधता येतो. काटा आत राहिला तर दुसरं पंक्चर शंभर पावलांवर ठरलेलं. बोटानं चाचपलं तर बोटात घुसतो; जुन्या सुती बनियनचं फडकं टायरच्या आतून फिरवा, काटा असेल तिथं धागा अडकतो.

भोकाभोवती पॅचपेक्षा मोठा भाग पॉलिश पेपरनं चमक जाईपर्यंत घासा. सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. बहुतेक जण चुकतात ते इथंच, ओल्यावरच पॅच दाबतात. पाच मिनिटं जाऊ द्या. बोट लावल्यावर ओलं लागेनासं झालं की पॅच ठेवून नखानं कडेपर्यंत दाबा. वरून चिमूटभर टाल्कम पावडर टाका, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही.

पावसात हेच काम वाटेवर होत नाही. ओल्या रबरावर सोल्यूशन धरत नाही. म्हणून ट्यूब वापरणाऱ्यानं बाहेर पडताना पॅचवर विसंबू नये. एक पूर्ण ट्यूब जवळ ठेवावी आणि फुटलेली घरी आणून कोरड्यात जोडावी.

ट्यूबलेस घरी

मला पहिल्यांदा ट्यूबलेस बसवायला अख्खी दुपार लागली. रिम स्पिरिटनं पुसून कोरडं केलं आणि पट्टी ताणून लावली. टायर चढवलं, कडेला साबणाचं पाणी लावलं, पंप मारला आणि हवा सगळ्या बाजूंनी सूं करत निघून गेली. साध्या उभ्या पंपानं टायरच्या दोन्ही कडा एकदम रिमला भिडत नाहीत. त्या दिवशी सापडलेला उपाय आजही वापरते. आधी साधी ट्यूब घालून हवा भरायची, म्हणजे दोन्ही कडा 'टक्' आवाज करत जागेवर बसतात. मग एकाच बाजूची कड सोडवून ट्यूब काढायची आणि ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवायचा. एक कड पक्की बसलेली असल्यानं आता एकच बाजू भिडवायची उरते. व्हॉल्व्हचा आतला खिळा काढून पंप मारला की हवा भरपूर जाते आणि कड बसते. टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल दाबापुढे मात्र जायचं नाही.

मग त्याच मोकळ्या व्हॉल्व्हमधून सीलंट. २९ इंची, सव्वादोन इंच रुंद टायरला मी शंभर मिलिलिटर घालते. चाक हलवून, आडवं करून दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं बादलीवर ठेवायचं. पहिले दोन दिवस हवा थोडी उतरते, घाबरू नका.

पुढची देखभाल सोपी आहे. व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक रात्रभर उभं ठेवा, सकाळी हवा सोडून खिळा काढा आणि बारीक केबल टाय आत घाला. टोक ओलं आलं तर सीलंट आहे, कोरडं आलं तर पन्नास-साठ मिलिलिटर ओता. पंप मारताना हवा जड जायला लागली तर खिळ्यात चीक सुकला आहे. साफ करा किंवा नवा घाला.

वाटेवर काय होतं

सराट्यांच्या बाबतीत तुलना संपतेच. मागच्या हिवाळ्यात एकदा टेकडी उतरल्यावर मागच्या टायरमधून अकरा काटे मोजून काढले. प्रत्येक ठिकाणी पांढरा ठिपका आला आणि बुजला. ट्यूबच्या दिवसांत एका काट्यासाठी मोबाईलच्या उजेडात बसावं लागलं होतं.

पण घाटातल्या काळ्या दगडानं टायरची बाजू कापली तर सीलंट हरतं. तीन-चार मिलिमीटरच्या वरचं भोक ते भरवशानं बुजवत नाही. थोडं मोठं भोक टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर असेल तर सायकलसाठीची बारीक रबरी वात खुपसून भागतं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला ते करायला सांगू नका. त्याच्याकडची स्कूटरची पट्टी जाड असते आणि ती घालण्याआधी तो टोच्यानं भोक मोठं करतो. बाजू फाटली तर शेवटी ट्यूबच घालावी लागते, म्हणजे ट्यूबलेसवाल्याच्याही पिशवीत ट्यूब हवीच. ती घालण्याआधी टायरमध्ये आतून टोचत असलेले सगळे जुने, बुजलेले काटे काढावे लागतात, तेही चिकानं माखलेल्या हातांनी. फाटलेल्या जागी आतून टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा कापून ठेवला की घरापर्यंत निभतं.

हवेच्या दाबाचंही सांगायला हवं. माझं वजन बासष्ट किलो. मागच्या चाकात ट्यूब होती तेव्हा सापचाव्याच्या भीतीनं पस्तीस पीएसआय ठेवायचे. आता टेकडीवर चोवीसवर जाते. खडीवर पकड वाढते, हातापायांना हादरे कमी बसतात. डांबरावर मात्र चोवीसवर सायकल ओढल्यासारखी वाटते, म्हणून आठवडाभर तीसच्या आसपास ठेवते. तुमचं नव्वद टक्के चालवणं डांबरावर असेल तर ट्यूबलेसचा हा मोठा फायदा तुमच्या वाट्याला येतच नाही. वजनाचं कौतुकही फार नको: ट्यूब दोनशे ग्रॅमच्या आसपास, सीलंट शंभर, म्हणजे एका चाकामागे जेमतेम शंभर ग्रॅम वाचतात.

मधले मार्ग

ट्यूबमध्येच सीलंट घालता येतं, व्हॉल्व्हचा खिळा निघत असेल तर. काट्यांवर ते बऱ्यापैकी चालतं, सापचाव्याच्या चिरांवर नाही. नंतर त्या ट्यूबला पॅच धरत नाही, कारण भोकातून चीक पाझरत राहतो. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टीही मिळते. तिची टोकं ट्यूबला घासून स्वतःच पंक्चर करतात, म्हणून ती गोल कापून त्यावर कापडी टेप लावा. साध्या रिमची सायकल रोज काट्यांतून जात असेल, तर यातला सीलंटचा मार्ग मी सुचवेन.

आणि दोन्ही चाकं एकदम बदलायला हवीत असंही नाही. मागच्या चाकावर अंगाचा भार जास्त असतो, काटेही तिथंच जास्त रुततात. माझ्या पुढच्या चाकात आजही ट्यूब आहे आणि गेल्या वर्षात ती एकदाच पंक्चर झाली. रिम रेडी असेल तर या नोव्हेंबरात फक्त मागचं चाक करून बघा, आणि पुढच्याचं उन्हाळ्यात, मागचं सीलंट किती दिवस टिकतं ते कळल्यावर ठरवा.