पूर्वज इंग्लंडमधून शोधावेत की व्हिक्टोरियातून?

माझी सून मेलबर्नची आहे. तिचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत आले, एवढेच तिच्या माहेरी ठाऊक होते. नातवाच्या शाळेने वंशवृक्ष मागितला आणि निवृत्त माणसाचे काम म्हणून ते माझ्याकडे आले. अशा शोधात पहिला प्रश्न सुरुवात कोणत्या टोकाकडून करावी हा असतो, आणि मी दोन्ही टोके धरून पाहिली आहेत.

प्रथम मी इंग्लंडकडून निघालो. तिकडची सामग्री विपुल आहे: १८३७ पासूनची जन्म-विवाह-मृत्यूंची सरकारी नोंदणी, १८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना आणि त्याआधीच्या दोन-तीन शतकांची चर्चची दप्तरे. ज्याला केवळ नावे नकोत, पूर्वजांचे जगणेही हवे आहे, त्याला तर इंग्लंडवाचून गत्यंतरच नाही. १८३४ च्या गरीब कायद्यानंतर गरिबांना वसाहतींत धाडण्यासाठी पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला, पैसा उभा करता येत असे, त्यामुळे काही गावांच्या कागदांत प्रवासाआधीच्या कपड्यालत्त्यांचा खर्चही सापडतो.

अडचण आहे ती दप्तराच्या रचनेत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याची वही असते, तिथे आजोबा सापडले की पणजोबा बहुधा त्याच वहीत भेटतात. इंग्लंडच्या पॅरिशमध्ये मात्र नोंद प्रसंगाची असते, घराण्याची नव्हे. १८१३ पासूनच्या छापील बाप्तिस्मा-पुस्तकात वडिलांचे नाव, व्यवसाय आणि गाव असते, पण आईचे केवळ पाळण्यातले नाव असते. आई मेरी, बाप शेतमजूर, मुलगा म्हणजे आमचा पूर्वज जॉन आणि आडनाव त्या भागात साताऱ्यातल्या पाटलांइतके पसरलेले, अशा स्थितीत काय होते ते मी आठ महिने अनुभवले.

शेजारच्या दोन गावांत, दोन वर्षांच्या अंतराने, दोन जॉन निघाले. त्यांपैकी एक १८५१ च्या जनगणनेत कुठेच दिसेना, तेव्हा तोच जहाजावर चढला असे मी गृहीत धरले आणि त्याच्या वडिलांवरून आजोबांवर असे करत थेट १७५० च्या दशकापर्यंत पोहोचलो. पुढे १८६१ ची पाने सहज चाळताना हाच गृहस्थ आपल्या गावात, बायको आणि चार मुलांसह, शेतमजूर म्हणून नांदताना दिसला. १८५१ मध्ये तो कामासाठी दुसऱ्या परगण्यात होता आणि सूचीत त्याचे आडनाव चुकीचे उतरवले गेले होते. चार पिढ्यांचा तो वृक्ष दुसऱ्याच कुटुंबाचा होता. चूक माझीच होती, हे मान्य आहे. पण त्या काळच्या इंग्लिश कागदांत ही चूक वेळीच दाखवून देणारे फारसे काही नसते, ही माझी खरी तक्रार आहे. मृत्यूच्या दाखल्यात वय, धंदा आणि कारण असते, आईवडील नसतात. विवाहनोंदीत तर वधूवरांच्या आईचे नाव २०२१ च्या मे महिन्यापर्यंत येतच नव्हते.

मग मी उलट बाजूने सुरुवात केली. व्हिक्टोरियात सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ ला सुरू झाली आणि तिथला मृत्यूचा दाखला इंग्लंडच्या मानाने कमालीचा बोलका असतो. आमच्या जॉनच्या १८८४ च्या दाखल्यात वडिलांचे नाव व व्यवसाय, आईचे माहेरच्या आडनावासह नाव, जन्मगाव, लग्न कुठे व कितव्या वर्षी झाले, मुलांची नावे व वये आणि वसाहतीत काढलेली ३५ वर्षे, असे सारे एका पानावर होते. ३५ वजा केल्यावर १८४९ हे साल आले. सरकारी मदतीने आलेल्यांच्या १८३९ ते १८७१ च्या याद्या व्हिक्टोरियाच्या अभिलेखागाराने सूचीबद्ध केल्या आहेत. त्यांत तो दोन संध्याकाळींत सापडला, वय मात्र एका वर्षाने कमी सांगितलेले. आईच्या माहेरच्या आडनावाने तर विल्टशायरचेच कुलूप उघडले, कारण तिचे १८२२ चे लग्न ज्या पॅरिशमध्ये लागले, ते दुसऱ्या जॉनचे गाव होते.

हा मार्ग निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. दाखल्यावरची माहिती खबर देणाऱ्याच्या स्मरणाइतकीच भरवशाची असते. मुलाने दिली असेल तर ठीक; शेजाऱ्याने किंवा इस्पितळाने दिली असेल, तर आईवडिलांच्या रकान्यात नुसते ‘माहीत नाही’ मिळते. आमच्या दाखल्यातही जन्मगावाचे नाव कानावर पडले तसे लिहिलेले होते आणि ते ओळखायला मला नकाशा घेऊन बसावे लागले. शिवाय सोन्याच्या शोधानंतर, १८५१ ते १८६१ या दहा वर्षांत, व्हिक्टोरियाची लोकसंख्या सुमारे ७७ हजारांवरून सुमारे ५ लाख ४० हजारांवर गेली. त्या लोंढ्यात स्वतःचे भाडे भरून आलेल्यांच्या याद्यांत मूळ गावाचा पत्ता सहसा लागत नाही. जुन्या जनगणनांची घरोघरची पानेही तिथे इंग्लंडसारखी जपलेली नाहीत.

तरीही माझ्या अल्प अनुभवावरून, पूर्वज १८५३ नंतर व्हिक्टोरियात वारला असेल, तर इंग्लंडच्या एकाही संकेतस्थळाची वर्गणी भरण्यापूर्वी तो एक दाखला मागवावा, असे मी सुचवीन. न्यू साउथ वेल्समध्येही १८५६ नंतर जवळपास हेच लागू पडते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एकोणिसाव्या शतकातील मृत्यूनोंदी मात्र फार त्रोटक आहेत. तिथे वसलेल्यांच्या वंशजांना इंग्लंडकडूनच चालावे लागेल, आणि त्यांनी निदान प्रत्येक जॉनचा पुढचा माग १८६१ पर्यंत काढूनच त्याच्या आजोबांकडे वळावे.