इंटरनेट मिळालं, नंबर गेला

आधी आकडा सांगते, म्हणजे "बाईंनी एवढं काय मनावर घेतलंय" असं कुणाला वाटायला नको. ३,११,४९८ रुपये. ज्या ई-सिमपायी (म्हणजे कार्ड न घालता क्यूआर कोडनं फोनमध्ये चढवायचं सिम) हे सगळं रामायण झालं, त्याचे १,८९९ वेगळेच. आणि हे कुणाचे गेले? सहकारी बँकेच्या काउंटरवर ३३ वर्षं काढलेल्या बाईचे! नोकरीची शेवटची काही वर्षं तर समोर येणाऱ्या प्रत्येक आजोबांना मी "ओटीपी कुणाला सांगायचा नाही हं" म्हणून दम भरत होते. निवृत्तीच्या समारंभात साहेब त्यावरून विनोदही करून गेले.

ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. हे आजही छातीठोकपणे सांगते. तरीही गेले.

मे महिन्यात आम्ही दोघं ग्रुप टूरनं युरोपला गेलो. आधी पॅरिस, मग बसनं स्वित्झर्लंड. टूरचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, ३८ माणसांचा. निघायच्या आठवडाभर आधी त्यावर एकच विषय, तिकडे नेटचं काय करायचं. आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक मला महाग वाटला. (आता वाटत नाही.) तेवढ्यात ग्रुपवर एकानं नंबर टाकला : "युरोप ई-सिम, १० जीबी, १५ दिवस, १,८९९ फक्त. आम्ही गेल्या वर्षी घेतलं होतं, मस्त चालतं." खाली दोन अंगठे. हा "एक" कोण, हे नंतर विचारलं तर ३८ पैकी कुणीच त्याला ओळखत नव्हतं. ग्रुपची लिंक हातोहात फिरत होती, कुणीही आत येऊन बसावं. टूर मॅनेजर म्हणाला, "मला वाटलं तो तुमच्यापैकी कुणाचा नातेवाईक असेल."

फोन केला तर पलीकडे अगदी गोड मराठी. "ताई, काही टेन्शन घेऊ नका, मी आहे." त्यानं पासपोर्टचा आणि पॅनचा फोटो मागितला, तिकडच्या नियमाप्रमाणे नोंदणी लागते म्हणून. आता परदेशात सिमला पासपोर्ट दाखवावा लागतो हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, त्यामुळे मी दिला. पॅन कशाला, हे विचारायचं सुचलं नाही. पैसे लिंकवर डेबिट कार्डानं भरले. म्हणजे कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं मीच त्याच्या पानावर टाईप केलं. आणि मग तो म्हणाला, "ताई, कुठल्या तारखेला कुठे आहात तेवढं पाठवा, कव्हरेज चेक करून घेतो."

मी टूरची अख्खी पीडीएफ पाठवली. हॉटेलांच्या पत्त्यांसकट.

क्यूआर कोड आला, खरा होता, मुलानं तो फोनमध्ये घालूनही दिला. इथे माझी बाजू मांडते, कारण नंतर प्रत्येकजण "अहो, तुम्हाला कळलं कसं नाही" म्हणाला. कळणार कसं? फसवणारा माणूस वस्तू देत नाही, एवढंच आपल्याला माहीत असतं. ह्यानं वस्तू दिली! पॅरिसला उतरल्यावर नेट सुरू झालं, फोटो गेले, व्हिडिओ कॉल झाले. मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा, पण ते शेवटी सांगते.

आता निघायच्या दिवशीचं. गुरुवारी रात्री साडेअकराला आम्ही मुंबई विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या रांगेत. ट्रेमध्ये पर्स, माझ्या पाटल्या, ह्यांचा पट्टा आणि औषधांचा डबा. मागचा माणूस ट्रॉलीनं टाचेला ढुश्या देतोय. आणि त्या ई-सिमवाल्याचा फोन : "ताई, एक शेवटची स्टेप राहिली, नाहीतर तिकडे उतरल्यावर ॲक्टिव्हेट नाही होणार. मी मेसेज पाठवलाय, तो जसाच्या तसा तुमच्या कंपनीच्या नंबरला एसएमएस करा." मेसेजमध्ये "ई-सिम" हा शब्द आणि पुढे एक ईमेल पत्ता. माझा नव्हे. "सपोर्ट" असं काहीतरी त्यात होतं. मी विचारलं, "हा मेल कुणाचा?" तो म्हणाला, "आमच्या टीमचा, तुम्हाला प्रवासात कुठे मेल उघडत बसायला लावू?" किती काळजी!

कंपनीचा लगेच उलट मेसेज : तुम्ही तुमचं सिम ई-सिममध्ये बदलण्याची विनंती केली आहे, तुम्हीच केली असेल तर १ पाठवा. मी पाठवला १. मग एक यांत्रिक फोन आला, संमतीसाठी १ दाबा. एका हातात ट्रे धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तोही १ दाबला. मला ई-सिमच तर हवं होतं!

ह्या एका शब्दावर त्याचा सगळा धंदा चालतो. परदेशातल्या नेटसाठी घेतलेलं ई-सिम हे स्वतंत्र सिम असतं, त्याचा तुमच्या भारतातल्या सिमशी काडीचा संबंध नाही. त्यासाठी तुमच्या कंपनीला कसलाही एसएमएस करावा लागत नाही. जो करायला सांगेल तो तुमचा नंबर उचलायला आलाय. मी माझ्या हातानं माझा नंबर माझ्या फोनमधून काढून त्याच्या फोनमध्ये पाठवला होता. इथून पुढे माझे सगळे ओटीपी त्याला. मी कुणाला सांगायची गरजच उरली नाही.

आणि हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. रात्री पाऊण-एकच्या सुमारास गेटजवळ बसून मुलाला "बसतोय विमानात" सांगायला फोन लावला, लागेना. वर बघितलं तर रेंजच्या जागी "नो सर्व्हिस". मुंबईत! अजून भारतातच होते मी, रोमिंगचा प्रश्नच नव्हता. शेजारी ह्यांच्या फोनला चार दांड्या. तरी मी काय म्हटलं? "विमानतळावर गर्दी असते, रेंज मिळत नाही." ह्यांच्या फोनवरून मुलाशी बोलले आणि माझा फ्लाइट मोडवर टाकला. विमानाला अजून तासभर अवकाश होता. त्या तासात ह्यांच्याच फोनवरून कंपनीला विचारलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

पॅरिसला हे एकदा म्हणालेही, "तुझं इंडियाचं सिम दिसत नाही गं." मी खेकसले, "रोमिंग घेतलंय का आपण? दिसेल कसं?" परदेशात रेंज गेली की माणूस रोमिंगला दोष देऊन मोकळा होतो. चोराला नेमकं हेच हवं होतं. परत आल्यावर फोन कंपनीच्या दुकानातल्या मुलीनं सांगितलं, सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद ठेवतात, ग्राहकाला लक्षात यावं म्हणून. म्हणजे सरकारनं मला एक अख्खा दिवस दिला होता. तो मी आयफेल टॉवरखाली घालवला.

त्यानं शुक्रवारी काही केलं नाही. शनिवारीही नाही. रविवारपर्यंत थांबला, बँका बंद. आणि रविवारीच आमची बस स्वित्झर्लंडला जायची होती, हे पीडीएफमध्ये लिहिलेलं होतं. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा एकच, म्हणून मला वाटलं नेटही एकच. तसं नसतं. युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्यात जादा पैसे न देता चालतं, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाहीच. आपला मराठी माणूस युरोपात जातो तो मुळात स्वित्झर्लंडसाठी, आणि स्वस्तातल्या कित्येक "युरोप" सिमांमधून नेमका तोच देश वगळलेला असतो. घेण्यापूर्वी देशांची यादी उघडून त्यात स्वित्झर्लंड हा शब्द डोळ्यांनी बघा. सरहद्द ओलांडली आणि माझं नेट गेलं. बँकेचे ईमेल येत होते, ते बघायला नेट नव्हतं.

संध्याकाळी इंटरलाकेनच्या हॉटेलात वायफाय लागलं आणि फोन थरथरायला लागला. आपल्या वेळेनं दुपारी २.१२ ला ४९,९९९. २.१५ ला परत ४९,९९९. २.२१ ला २४,५००. मग २ लाखांची मुदत ठेव मोडल्याचा मेल. रात्री ९.४० ला १,००,०००. ही ठेव ह्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली होती. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि मला पहिली लाज कसली वाटली सांगू? हे बाथरूममध्ये होते, ते बाहेर आल्यावर सांगायचं कसं, ह्याची.

तिकडे संध्याकाळचे आठ, इकडे रात्रीचे साडेअकरा. बँकेचा १८०० वाला नंबर परदेशातून लागत नाही. कार्डाच्या मागे +९१ वाला असतो, तो निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा, कार्ड हरवलं तर तोही हरवतो. टूर मॅनेजरच्या फोनवरून ११.३४ ला लागला. पुढचं ऐका. "मॅडम, सुरक्षेसाठी तुमच्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा." मी म्हटलं, अहो, तो नंबरच चोराकडे आहे. "मग त्या नंबरवरून कॉल करा." मी म्हटलं, मी बँकेतच होते हो, कार्ड आणि खातं गोठवायला ओटीपी कशाला? "होल्ड करा." संगीत. होल्डवर असताना, ११.५२ ला, ८७,००० गेले. माझ्या कानाला फोन लावलेला होता आणि हातातल्या फोनवर तो मेल आला. खातं गोठवलं १२.३१ ला.

फोन कंपनीचं तर विचारूच नका. नंबर बंद करा म्हटलं तर "ग्राहकानं आधार घेऊन जवळच्या दुकानात स्वतः यावं." जवळचं दुकान! खिडकीतून आल्प्स दिसत होते. चोराला माझं सिम एका एसएमएसवर मिळालं, मला ते बंद करायला साडेसहा हजार किलोमीटर यायला सांगतात.

मुलानं इकडे १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. नीट, पटापट. तेवढं एकच काम त्या रात्री झालं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करताना मोबाईलवर ओटीपी लागतो, तेव्हा घरच्या दुसऱ्या कुणाचा नंबर वापरा. तक्रारीचा क्रमांक आला आणि ६१,३०० रुपये पुढच्या एका खात्यात अडवले गेले. ते अजून अडवलेलेच आहेत. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात.

परत आल्यावर आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "गुन्हा घडला कुठे? विमानतळावर? मग तिकडच्या ठाण्यात जा." तिकडचे म्हणाले, पैसे गेले तेव्हा तुम्ही फ्रान्समध्ये की स्वित्झर्लंडमध्ये? जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात कुठल्याही ठाण्यानं गुन्हा नोंदवून घ्यायचा आहे, हे मी छापून नेलं होतं. हवालदारांनी कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "काकू, एवढं शिकलेल्या असून तुम्ही १ दाबलाच कशाला?" चौथ्या खेपेला गुन्हा नोंदला गेला.

बँकेचं उत्तर तीन ओळींचं : व्यवहार योग्य ओटीपीनं झाले, सबब ग्राहकाचा निष्काळजीपणा. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक मी नोकरीत असताना फाईलला लावलंय. निष्काळजीपणा माझा होता हे बँकेनं सिद्ध करायचं असतं, आणि मी कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेनं सोसायचा असतो. ११.३४ ला मी बोलत होते, ११.५२ ला ८७,००० गेले. बँक म्हणते तक्रारीची वेळ १२.३१. होल्डवरचं संगीत म्हणजे कळवणं नव्हे! ३० दिवस झाले, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय. कुणी असं भांडत असाल तर कॉलची नोंद, वेळेसकट, स्क्रीनशॉट काढून ठेवा, माझं सगळं त्या एका स्क्रीनशॉटवर अडलंय.

दोन-तीन गोष्टी आठवतील तशा. भारतातलं सिम परदेशात बंद पडू देऊ नका, पॅक नका घेऊ पण रोमिंग सुरू करून ठेवा, म्हणजे रेंज गेली तर ती का गेली हे कळेल. पेन्शनचं खातं आणि प्रवासाचं कार्ड एक नको. मुदत ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येत असेल तर करून घ्या. ई-सिम कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरूनच घ्या, "ताई" म्हणणाऱ्याकडून नको.

गेल्या आठवड्यात बँकेतल्या जुन्या मैत्रिणीच्या बहिणीनं मला एक स्क्रीनशॉट पाठवला. दुसऱ्या कुठल्या तरी टूरचा ग्रुप, नंबर वेगळा, दर १,७९९. खाली खात्रीचा पुरावा म्हणून कुणा समाधानी ग्राहकाचा मेसेज जोडलेला : "पॅरिसला पोहोचलो, नेट मस्त चालतंय, थँक्यू दादा", पुढे अंगठा आणि मागे आयफेल टॉवर. तिनं विचारलं होतं, "ह्या तुम्हीच ना? मग घेऊ का?"

हो, मीच. घेऊ नकोस.