सभागृहातली घडीची खुर्ची : गादीआधी गुडघे पाहा

सभागृहातली खुर्ची पहिल्या पाच मिनिटांत जोखता येत नाही. मऊ गादीवर बसल्याबरोबर बरं वाटतं, पण हलका फोम तासाभरात दबतो आणि खालची फळी माकडहाडाला लागते. बैठकीला घनमीटरमागे 50 ते 60 किलो घनतेचा, साच्यात ओतलेला फोम असला तर लांबलेली मैफलही निभते. हाताने दाबून काही कळत नाही. पूर्ण भार टाकून पंधरा-वीस मिनिटं बसावं लागतं.

तरी गादीचा नंबर दुसरा. पहिला मान गुडघ्यांपुढच्या जागेचा. पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून आपल्या खुर्चीच्या पाठीपर्यंत 80 सेंमी असले तर माणूस कसाबसा मावतो, 90 ला सुटसुटीत बसतो. रुंदी 50 सेंमी म्हणजे शेजाऱ्याशी कोपरांची कुस्ती, 55 हवी. बैठक फार खोल असली तर बुटक्या श्रोत्यांचे पाय लोंबकळतात, पुढची कड मांडीत रुतते आणि पायाला मुंग्या येतात. ही कड गोलसर उतरती असायला हवी. खर्च वाचवायचा म्हटलं की सगळ्यात आधी तीच सरळ कापली जाते.

पाठीने कंबरेला आधार द्यावा आणि खांद्यापाशी थांबावं. कानापर्यंत चढलेली जाड, मऊ पाठ डुलकीला उत्तम, ऐकायला वाईट : मागून आणि बाजूने येणारा आवाज ती गिळते. सभागृहात सर्वाधिक आवाज श्रोतेच शोषतात. त्यामुळे चांगली खुर्ची रिकामी असतानाही साधारण माणसाइतकाच आवाज शोषेल अशी बनवतात. घडी झाल्यावर समोर येणाऱ्या बैठकीच्या तळाला म्हणूनच भोकं असतात. हे जमलं की रिकाम्या सभागृहातली तालीम आणि भरलेल्या सभागृहातला कार्यक्रम यांत फार तफावत पडत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी 1890 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात तिथल्याच सँडर्स थिएटरच्या गाद्या व्याख्यानगृहात नेऊन आवाज किती वेळ घुमतो ते मोजलं, तेव्हापासून गादी हा ध्वनिशास्त्राचाही विषय झाला. त्यांच्याच सल्ल्याने बांधलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये 1900 सालच्या चामडी खुर्च्या आजही आहेत. आवाज अप्रतिम, खुर्ची आजच्या मापाने अरुंद आणि कडक. जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरांसाठी बांधलेल्या 1876 च्या नाट्यगृहात तर लाकडी खुर्च्यांना हातच नाहीत, आणि काही अंक दीड-दोन तासांचे! ध्वनीचं कारण सांगून इतकं सोसायला लावणं पटत नाही; योग्य जाडीची गादी आणि बुटकी पाठ एकत्र नांदू शकतात.

बिघाड बहुधा बिजागरीत होतो. स्प्रिंगने उठणारी बैठक कालांतराने करकरते आणि रबरी गट्टू निखळला की ठक्कन आदळते. मंद आलापात तो एकच आवाज सबंध रांगेच्या माना वळवतो. मागच्या वजनामुळे आपोआप उठणारी बैठक जास्त शांत. रेक्झिन पुसायला सोपं, पण पाठीला घाम आणतं आणि हलताना चिरकतं. लोकरीचं कापड त्याहून सरस.

काही नव्या सभागृहांत गार हवा खुर्चीखालूनच सोडतात. तिथे शाल खांद्यावर घेऊन भागत नाही, पायमोजे लागतात. लांब पायांच्या माणसाने वाटेलगतची खुर्ची घ्यावी, पण सगळ्यांना वाट द्यायला दर वेळी उठण्याची तयारी ठेवून.