अंदमान की लक्षद्वीप? पाऊस आणि वादळं पाहून ठरवा

दोन्हींपैकी एक निवडायचं असेल, तर हॉटेलच्याही आधी महिना ठरवा. हवामान खात्याचा एप्रिलमधला मान्सूनचा अंदाज इथे फारसा उपयोगी नाही. तो देशभरातल्या जून ते सप्टेंबरच्या पावसाबद्दल असतो. तुमच्या चार दिवसांत बोट सुटेल का, हे त्यातून कळत नाही.

पाऊस अंदमानात जास्त: वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, लक्षद्वीपमध्ये साधारण १६००. मान्सून अंदमानात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोहोचतो आणि ऑक्टोबरनंतरही ईशान्य मोसमी सरी डिसेंबरपर्यंत येत राहतात. लक्षद्वीपमध्ये मुख्य जोर जून ते सप्टेंबर.

वादळांचं गणित मात्र एवढं सरळ नाही. बंगालच्या उपसागरात अरबी समुद्राच्या जवळपास चौपट चक्रीवादळं होतात, मुख्यतः मे महिन्यात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. त्यातली अनेक अंदमानच्या आसपास आकार घेतात, त्यामुळे बेटांवरून जाताना ती बहुधा कोवळी असतात. खरं रौद्र रूप पुढे ओडिशा-आंध्रकडे दिसतं. २०१३चं फायलिन असंच गेलं. पण बोटी बंद पडायला कोवळं वादळही पुरतं. डिसेंबर २०१६मध्ये हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. जानेवारीही पूर्ण निर्धास्त नाही: २०१९मध्ये पाबुक थायलंडच्या आखातातून थेट अंदमान समुद्रात आलं होतं.

लक्षद्वीपला वादळं कमी येतात, पण आली तर आडोसा नाही. अंदमानात डोंगर आहेत, सॅडल पीक ७३२ मीटर उंच; लक्षद्वीपची प्रवाळबेटं समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर. २०१७च्या ओखीने आणि मे २०२१च्या तौक्तेने हे दाखवून दिलं.

फेब्रुवारी-मार्च मोकळा असेल तर मनाला येईल ते निवडा. दिवाळीतच जमणार असेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर मी अंदमान म्हणेन. तिथे मोठं गाव आहे, इस्पितळ आहे, विमानं जास्त आहेत. फक्त स्वराज द्वीप आधी उरका आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) ठेवा. मेच्या उत्तरार्धात दोन्ही टाळा.

निघण्याआधीच्या गुरुवारी हवामान खात्याचं चक्रीवादळांबद्दलचं दोन आठवड्यांचं अनुमान नक्की बघा. त्यात अंदमान समुद्रात कमी दाबाच्या पट्ट्याची शक्यता दिसली, तर बेटांमधल्या बोटीची तिकिटं त्याच दिवशी पुढे-मागे करून घ्या.