‘आल्मिरांते’ वर्गाच्या विनाशिका: जहाज उत्तम, तोफ एकटी

निवाडा आधीच सांगून टाकू. चिलीने ब्रिटनकडून बांधून घेतलेल्या ‘आल्मिरांते’ वर्गाच्या दोन विनाशिका म्हणजे पैसे वसूल झालेली खरेदी. पण जाहिरातीत जो भाग सर्वांत उठून दिसत होता, तोच पुढे अडचणीचा ठरला. सांगाडा, यंत्रं आणि आतली जागा यांना भरघोस गुण द्यावे लागतात. मुख्य तोफेचे गुण मात्र कापावे लागतात. तोफ वाईट नव्हती, पण जगात ती दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

ऑर्डर मे १९५५ ची, कारखाना व्हिकर्स-आर्मस्ट्राँगचा, बॅरो-इन-फर्नेस इथला. ‘आल्मिरांते विल्यम्स’ मार्च १९६० मध्ये ताब्यात आली, ‘आल्मिरांते रिव्हेरोस’ त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये. १९२०च्या दशकाअखेरीस थॉर्निक्रॉफ्टने बांधलेल्या सहा ‘सेरानो’ विनाशिकांनंतर चिलीच्या नौदलाला मिळालेल्या या पहिल्याच कोऱ्या विनाशिका. नावंही वजनदार: विल्यम्स म्हणजे १८६५ मध्ये पापुदोजवळ स्पेनचं ‘कोवादोंगा’ पकडणारे, आणि रिव्हेरोस म्हणजे ८ ऑक्टोबर १८७९ ला आंगामोसच्या लढाईत पेरूचं चिलखती जहाज ‘वास्कार’ जिंकणाऱ्या ताफ्याचे सेनापती.

सांगाडा १२२.५ मीटर लांब, १३.१ मीटर रुंद. वजन साधारण २,७३० टन, पूर्ण भरल्यावर ३,३०० च्या आसपास. हीच लांबी-रुंदी व्हिकर्सने आधी व्हेनेझुएलासाठी बांधलेल्या ‘न्वेव्हा एस्पार्ता’ वर्गात दिसते. म्हणजे कारखान्याचा हात या मापावर बसलेला होता, चिलीवर प्रयोग झाला नाही. प्रयोग झाला तो वर बसवलेल्या शस्त्रांचा. व्हेनेझुएलाने ४.५ इंची सहा तोफा तीन जोड बुरुजांत आणि ४० मिमीच्या तब्बल १६ बोफोर्स घेतल्या होत्या. चिलीने हा पसारा कमी करून ४ इंची (१०२ मिमी) चारच तोफा मागितल्या, पण पूर्ण स्वयंचलित: दोन पुढे, दोन मागे, प्रत्येक जोडीत एक तोफ दुसरीच्या वरून मारा करील अशी. सोबत ४० मिमीच्या सहा, २१ इंची पाच टॉर्पेडो नळ्या आणि दोन स्क्विड, म्हणजे पाणबुडीविरोधी उखळी तोफा.

ही ४ इंची तोफ कागदावर फारच देखणी. मिनिटाला ४० गोळे, ७५ अंशांपर्यंत उंचावणारी नळी, रडारवरून नेमबाजी, सुमारे ११.४ किलोमीटरचा पल्ला. चारही तोफा एकदम चालल्या तर मिनिटाला १६० गोळे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी ५ इंची तोफेत गोळे हाताने भरत. सराईत चमू मिनिटाला १५-२० गोळे काढी. अंगावर येणाऱ्या विमानासमोर हा फरक मोठाच. पण अमेरिकी गोळा जास्त जड आणि त्याचा पल्ला सुमारे १६ किलोमीटर. जहाजाविरुद्ध किंवा किनाऱ्यावर मारा करायचा झाला की वेगाचा तोरा उतरतो. शिवाय या वेगाने कोठार किती लवकर रिकामं होईल, याचा हिशेब करूनच तोफ वापरावी लागते. अशी तोफ छोट्या-छोट्या झडींनी वापरायची असते, घोडा दाबून धरायची नसते.

खरी गोम पुरवठ्यात आहे. व्हिकर्सची ही तोफ या दोन जहाजांखेरीज कुठेच बसली नाही. म्हणजे जगात एकूण आठ नळ्या. स्वयंचलित तोफेत गोळा उचलणारी, वळवणारी, दाबणारी यंत्रणा जितकी गुंतागुंतीची, तितके झिजणारे भाग जास्त. आणि इथे प्रत्येक भागासाठी एकाच कारखान्याचं दार. दुसऱ्या नौदलाकडून उसनं मागायची सोय नाही, निवृत्त जहाजावरून काढून घ्यायचीही नाही. १९६२ मध्ये चिलीने अमेरिकेकडून ‘फ्लेचर’ वर्गाच्या दोन जुन्या विनाशिका घेतल्या, ‘ब्लांको एन्कालादा’ आणि ‘कोक्रेन’. त्यांच्या ५ इंची तोफेचे भाग आणि गोळे डझनभर नौदलांत सापडत. मार्च १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने चिलीला नवी शस्त्रविक्री थांबवली, ती बंदी १९८० पर्यंत राहिली. १९७६ मध्ये अमेरिकेनेही दार लावलं. दोन्ही बंद झाली तेव्हा सर्वत्र आढळणाऱ्या तोफेचा मालक इकडून तिकडून काम भागवू शकतो. एकमेव तोफेच्या मालकाला भाग स्वतःच घडवायला शिकावं लागतं.

यंत्रखोली मात्र या जहाजांची जमेची बाजू. बॅबकॉक अँड विलकॉक्सचे दोन बॉयलर, पार्सन्स-पामेट्राडाच्या गिअर टर्बाइन, दोन पंखे (प्रोपेलर), ५४,००० अश्वशक्ती, ३४.५ नॉट. पण चिलीला वेगापेक्षा जास्त उपयोगी पडणारा आकडा दुसरा आहे: १६ नॉटने ६,००० सागरी मैल. चार हजार किलोमीटरहून लांब किनारा आणि दक्षिणेला केप हॉर्न असलेल्या देशाला हे जहाज तेलवाहू सोबत न घेताही वापरता येतं. जोड सुकाणूंमुळे जहाज चटकन वळतं, हे दक्षिण टोकाजवळच्या मागायेनेसच्या अरुंद पाण्यात कामाचं. वायुवीजन आणि तापवण्याची व्यवस्था उत्तरेच्या उष्ण वाळवंटी किनाऱ्यापासून अंटार्क्टिकाच्या थंडीपर्यंत चालेल अशी आखली होती. ग्राहकाचा नकाशा पाहून केलेलं काम हे असं असतं.

वाफेच्या जहाजाच्या कटकटी अर्थात इथेही आहेत. थंड बॉयलरमधून वाफ तयार व्हायला तास लागतात, म्हणून सज्ज राहायचं तर बंदरातही तेल जाळावं लागतं. कंडेन्सरची एखादी नळी गळली की खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात मिसळतं; ते वेळीच पकडलं नाही तर बॉयलरच्या नळ्या खराब होतात. म्हणून क्षाराची तपासणी हे टाळता न येणारं काम. बॉयलर दोनच असल्यामुळे एक दुरुस्तीला गेला की वेगाचा मोठा हिस्सा गेला.

स्क्विडबद्दल थोडक्यात. तीन नळ्यांची ही उखळी जहाजापुढे सुमारे २५० मीटरवर त्रिकोणी आकारात बॉम्ब टाकते. बॉम्ब १७७ किलोचा, त्यातला स्फोटक भाग ९४ किलोचा. दोन स्क्विड असले की एक त्रिकोण पाणबुडीच्या वर आणि एक खाली फोडता येतो. १९४५ च्या पाणबुडीसाठी हे घातक होतं. पण २५० मीटर म्हणजे पाणबुडीच्या जवळजवळ डोक्यावर जाणं. लांबून टॉर्पेडो सोडणाऱ्या पाणबुडीपुढे हे शस्त्र जहाज ताब्यात आलं त्याच दिवशी जुनं होतं.

आतली जागा किती कामाची होती, हे पुढच्या फेरबदलांत दिसतं. १९६४ च्या सुमारास ४० मिमीच्या दोन तोफा काढून सीकॅटचे दोन चौपदरी प्रक्षेपक बसवले. सीकॅट म्हणजे आवाजापेक्षा हळू, पाचेक किलोमीटर पल्ल्याचं क्षेपणास्त्र. चालवणारा डोळ्यांनी लक्ष्य धरून हातातल्या दांडीने ते नेतो. आडव्या जाणाऱ्या विमानापुढे ते लंगडं, थेट अंगावर येणाऱ्यापुढे बरं. नंतर स्वान हंटरकडे मोठी पुनर्बांधणी झाली, ‘विल्यम्स’ १९७१ ते ७४, ‘रिव्हेरोस’ १९७३ ते ७५. जुन्या पाच टॉर्पेडो नळ्या गेल्या. त्याऐवजी पाणबुडीविरोधी टॉर्पेडोच्या तीन-तीन नळ्यांचे दोन संच, प्लेसीचं एडब्ल्यूएस-१ रडार आणि एक्झोसेट एमएम-३८ ही चार जहाजविरोधी क्षेपणास्त्रं आली. प्रत्येक एक्झोसेट ७३५ किलोचं, पल्ला सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे मुख्य तोफेच्या साडेतीनपटीहून जास्त. १९७८ मध्ये अर्जेंटिनाशी बीगल खाडीतल्या बेटांवरून वाद पेटला तेव्हा या जहाजांकडे प्रतिस्पर्धी गांभीर्याने पाहील असं शस्त्र हेच होतं.

फेरबदलांना न जमलेली गोष्ट हेलिकॉप्टरची. मागे दोन तोफा बसल्यामुळे उतरायला डेकच नाही. १९७३-७४ मध्ये यॅरोने बांधलेल्या ‘काँदेल’ आणि ‘लिंच’ या ब्रिटिश लिअँडर जातीच्या फ्रिगेट डेक आणि हँगर घेऊनच आल्या. पाणबुडी शोधायला त्या सरळ सरस, शर्यतीत मात्र ‘आल्मिरांते’ त्यांना मागे टाकतील.

त्याच काळात कोलंबियाने दुसरा रस्ता धरला. स्वीडनमध्ये बांधलेल्या ‘वेइंते दे खुलियो’ आणि ‘सिएते दे आगोस्तो’ यांवर बोफोर्सच्या १२० मिमीच्या सहा स्वयंचलित तोफा, वेग साधारण तेवढाच. बोफोर्सची ती तोफ स्वीडनच्या स्वतःच्या नौदलातही होती, आणि नुसत्या तोफेपुरतं बोलायचं तर खरेदीदाराने स्वीडिश पर्याय घ्यावा. जहाज म्हणून निवड करायची असेल, लांब पल्ला आणि पुढे शस्त्रं बदलता येतील असा सांगाडा हवा असेल, तर बॅरोचाच. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, तो कामात होता.